ग्रामीण शाळांतील संगणकाधारित अध्यापन : अडथळे

गणित, भाषा, विज्ञान हे नेहमीचे विषय शिकवताना संगणकाची मदत घेणे म्हणजे संगणकाधारित अध्यापन. त्यातील अडथळ्यांचे दोन थर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ पेगी अर्टमर यांनी १९९९ मध्ये मांडले : पहिला बाहेरचा, म्हणजे यंत्रे, वेळ, प्रशिक्षण व मदत यांची उणीव, दुसरा शिक्षकाच्या मनातला, म्हणजे शिकवण्याविषयीच्या त्याच्या धारणा व सवयी.

खेड्यात पहिला थरच फार जाड असतो. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर चार प्राथमिक शाळांपैकी एकीत वीज नाही, आणि इंटरनेट जेमतेम ४० टक्के प्राथमिक शाळांत आहे. वीज असली तरी ती शाळेच्या वेळेत असेलच असे नाही. दाब कमीजास्त होऊन यंत्रे जळतात, यूपीएसची (वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या साधनाची) बॅटरी काही वर्षांत मान टाकते. खरेदीला निधी मिळतो, नवी बॅटरी घ्यायला मात्र बहुधा तरतूद नसते. दुरुस्तीला माणूस शहरातून यायचा, म्हणून एवढ्याशा बिघाडाने संगणक महिनोन्महिने झाकून राहतो. देखभाल-दुरुस्तीचा हा अडथळा सर्वांत दुर्लक्षित.

तासिकेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. समजा ३५ मिनिटांची तासिका, ४० मुले आणि ८ संगणक आहेत. कुलूप काढून, मुले बसवून, यंत्रे सुरू होईपर्यंत दहा मिनिटे जातात. उरलेली २५ मिनिटे पाच जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच. प्रत्यक्षात माऊस धीट मुलाच्याच हाती राहतो आणि बाकीची त्याच्या खांद्यावरून पाहतात. शिवाय एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील, तर एकीला संगणकखोलीत नेल्यावर दुसरीकडे कोण पाहणार? काही मोडले तर जाब त्यालाच विचारला जातो, त्यामुळे खोलीला कुलूप राहते. शिक्षक उदासीन आहेत, असा ठपका ठेवण्याआधी हे सगळे लक्षात घ्यायला हवे.

नुसती यंत्रे पुरवून भागत नाही, हे पेरूमध्ये दिसले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) या योजनेच्या, ३१९ ग्रामीण शाळांत केलेल्या अभ्यासात (२०१२) लॅपटॉपचा वापर वाढल्याचे आढळले, पण गणित व भाषेच्या गुणांत फरक पडला नव्हता. कोणता पाठ त्यावर कसा घ्यावा, याच्या स्पष्ट सूचना शिक्षकांना नव्हत्या.

किविक्ससारख्या सॉफ्टवेअरने विकिपीडियासारख्या विश्वकोशातील पाने व इतर साहित्य साठवून इंटरनेटविना वाचता येते, त्यामुळे जोडणीची अडचण बरीच हलकी होते. मुलांच्या घरच्या भाषेत असे साहित्य मिळेलच, याची मात्र खात्री नसते.