बोटावरची चांदी

मार्च ते मे या दिवसांत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बायकांची बोटे स्वच्छ म्हणून नसतातच. फणस कापला की चीक, भिंडे (कोकमाची फळे) फोडली की लालभडक रस, काजू भाजले की टरफलाच्या तेलाने सोललेली कातडी. यातल्या प्रत्येकावर घरात उतारा ठरलेला. चिकाला पाणी हात लावत नाही, पण खोबरेल चोळले की तो सुटतो, कारण रबरासारखा हा पदार्थ तेलातच सैल पडतो. भिंडांचा रंग पाण्यात विरघळणारा, तो दोन-चार धुण्यांत जातो.

७ मे २०२४ रोजी, लोकसभेला मत देऊन आल्यावर, माझ्या आजीने हे सगळे ज्ञान डाव्या तर्जनीवर आजमावले. आधी खोबरेल, मग चिंच, मग राख. शाई जागची हलली नाही. उलट सकाळी जांभळट दिसणारी रेघ संध्याकाळपर्यंत काळी झाली. "ही कसली गो शाई? मेली चिकापेक्षा चिवट!"

ती चिवट, कारण ती रंग नव्हेच. रंग मिसळलेला असतो खरा, लावताक्षणी जांभळे दिसते ते त्याच्यामुळे. पण मुख्य काम सिल्व्हर नायट्रेटचे, म्हणजे चांदीच्या क्षाराचे. आपल्या कातडीवर घामाचे मीठ कायम असते. त्या मिठातले क्लोराइड आणि शाईतली चांदी एकत्र आली की सिल्व्हर क्लोराइड बनते. हे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम २ मिलिग्रॅम. बोट धुऊन काय होणार! त्यावर उजेड पडला की क्षारातली चांदी मोकळी होते आणि तिचे अतिसूक्ष्म कण काळे दिसतात. जुन्या कृष्णधवल फिल्मवर फोटो उमटायचा तो चांदीच्या क्षारांच्या याच स्वभावामुळे. आजी मत देऊन उन्हातून चालत घरी आली, तेव्हा तिच्या बोटावर एक छोटासा फोटो धुतला जात होता म्हणा ना. उन्हाने काम पक्के केले आणि ती दोष देत होती शाईला.

या शाईचे सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे. ती बनते म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कर्नाटक सरकारच्या कारखान्यात, जो १९३७ साली म्हैसूरच्या महाराजांनी सुरू केला. भारतात ती १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला, आणि इथे पहिली निवडणूक झाली डिसेंबर १९६३मध्ये. म्हणजे गोवा आणि ही शाई भारतीय निवडणुकीत पाठोपाठच आले.

आजी ब्याऐंशी वर्षांची. घरून मत देण्याची सोय त्या निवडणुकीत पंच्याऐंशीच्या पुढच्यांना होती, म्हणून तीन वर्षे कमी पडली असे ती कुरकुरत सांगते. पण मनातून तिला शाळेतल्या बूथवर जायचेच होते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. मी बरोबर होते. सरकारी प्राथमिक शाळेचा वर्ग, फळ्यावर अर्धवट पुसलेला पाढा. पहिल्या टेबलावर ओळखपत्र बघतात, यादीतले नाव शोधतात आणि मोठ्याने वाचतात. मोठ्याने अशासाठी, की बसलेल्या उमेदवारांच्या पोलिंग एजंटांनी ऐकावे आणि आपल्या यादीत खूण करावी. माणूस भलताच असेल तर हरकत तिथेच घ्यायची. (व्होटर कार्ड नसले तर आधार, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन असे ठरावीक दुसरे काही चालते. घरी वाटलेली मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र म्हणून चालत नाही. यादीत नाव नसेल तर हातात व्होटर कार्ड असूनही उपयोग नाही. यावरून दर निवडणुकीला दारात एक तरी भांडण होते.)

दुसऱ्या टेबलावर शाईची कुपी एका वाटीत, रेतीत रोवून ठेवलेली. आमच्याकडे तुळशीत पणती रोवतात तशी. सूचनापुस्तिकेतच तसे आहे, म्हणजे कुपी कलंडत नाही. शाई आधी लावायची आणि नोंदवहीत सही मग घ्यायची, हा क्रमही मुद्दाम आहे. सही, चिठ्ठी, मत एवढे होईपर्यंत शाईला सुकायला आणि रंग धरायला वेळ मिळतो. रेघ नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. बोट तेलकट दिसले तर कापडाने पुसून मगच शाई लावायची, असेही अधिकाऱ्यांना सांगितलेले असते. तेलाचा थर मध्ये आला की क्षार कातडीपर्यंत पोचतच नाही. आजीचे खोबरेल मतदानानंतर लागले, म्हणून ते निर्दोष!

तिसऱ्या टेबलावर कंट्रोल युनिट. तिथला अधिकारी दुसऱ्या टेबलावर मिळालेली चिठ्ठी घेतो, बोट बघतो आणि 'बॅलट' बटण दाबतो. एवढ्यानेच आडोशामागच्या मतदान यंत्रावर हिरवा दिवा लागतो. त्या एका परवानगीत एकच मत. निळे बटण एकदा दाबले, नावापुढे लाल दिवा लागला, की पुढे दहादा दाबा, यंत्र ढिम्म हलत नाही. प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, त्यामुळे न दिसणाऱ्यालाही स्वतःचे मत स्वतः देता येते.

शेजारी व्हीव्हीपॅट. त्याच्या काचेआड उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते, मग कापली जाऊन बंद पेटीत पडते. ही चिठ्ठी हातात मिळत नाही आणि मिळायलाही नको. मिळाली असती तर बाहेर कोणाला तरी दाखवून पैसे मागता आले असते. छपाईला इथे शाई लागत नाही. कागदावरच रंगाचे आणि आम्लधर्मी पदार्थाचे कण पसरलेले असतात, तापलेल्या टोकाखाली ते वितळून एकमेकांत मिसळतात आणि काळे होतात. पेट्रोल पंपाची पावती उन्हात गाडीत राहिली की आपोआप काळवंडते, तो हाच कागद. या यंत्राच्या नाजूक जागाही आहेत. कागद नीट छापला आणि कापला गेला का हे ते प्रकाशाच्या सेन्सरने ओळखते. २०१८च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत बरीच व्हीव्हीपॅट बिघडली, तेव्हा सेन्सरवर पडणारा जास्तीचा उजेड हे एक कारण निघाले. आमच्या शाळेत आडोसा खिडकीपासून दूर, कोपऱ्यात का मांडला होता ते मला तेव्हा उमगले.

या दोन्ही यंत्रांशी गोव्याचे जुने नाते. १९९९ साली संपूर्ण राज्याची विधानसभा निवडणूक ईव्हीएमवर झाली ती गोव्याची, देशात पहिल्यांदाच. २०१७मध्ये सगळ्या ४० मतदारसंघांत व्हीव्हीपॅट लागली तीही पहिल्यांदा इथेच. राज्य लहान, त्यामुळे प्रयोगाला सोपे. आता मोजणीच्या वेळी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ बूथवरच्या चिठ्ठ्या यंत्रातल्या आकड्यांशी ताडून बघतात, म्हणजे गोव्यात २०० बूथ.

या सगळ्या मांडणीत मला सर्वांत हुशारीची वाटते ती गोष्ट दिसायला साधी आहे. बोट आणि नोंदवही यांना माहीत असते की तुम्ही मत दिले, पण कोणाला ते नाही. यंत्राला माहीत असते की कोणाला किती मते पडली, पण ती कोणी दिली ते नाही. दोन्हीकडचा फक्त एकूण आकडा जुळला पाहिजे. तिसऱ्या टेबलावरचा माणूस मतदार आणि यंत्र यांच्यामध्ये बसलेला असतो, पण बटण दाबताना तो नाव काही यंत्रात भरत नाही.

एक फट मात्र उरते. निकाल बूथवार कळतो. आमच्यासारख्या ठिकाणी बूथ म्हणजे दोन-तीन वाडे (वस्त्या). कुठल्या वाड्याने कोणाला हात दिला हे मोजणीच्या दुपारी चहाच्या टपरीवर ठरलेले असते. अनेक बूथची मते एकत्र करून मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव आयोगाने मांडला होता, पण तो अमलात आला नाही. छोट्या गोव्यात त्याची गरज जास्त, असे मला वाटते.

आजीला मात्र कोणी बोलते करू शकलेले नाही. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल आणि वेगळे राहायचे असेल तर दोन पाने अशी चिन्हे होती. घर मराठी, आजोबा फुलाचे कट्टर. फूल ३४,०२१ मतांनी हरले. तुझे मत कशाला, असे विचारले की आजी अजूनही म्हणते, "ते मी आणि ती पेटी."

तिच्या बोटाच्या कातडीवरची रेघ आठवडाभरात गेली. कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा, तो झडत असतो, आणि त्या दिवसांत काजूच्या टरफलांनी तिची बोटे तशीही सोलली होती. नखाचे तसे नसते. नख झडत नाही, मुळाकडून पुढे सरकते, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर, आणि म्हातारपणी त्याहून हळू. जूनमध्ये तो काळा पट्टा मुळापासून सुटला, जुलैत नखाच्या मध्यावर होता. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला आली, मतदानाला बरोबर चार महिने झाले तेव्हा. आदल्या दिवशी नेवऱ्यांच्या पिठाला हात लावण्याआधी ती पडवीत नखे कापायला बसली आणि तर्जनीचा कपटा तिने उजेडात धरून मला दाखवला. कडेला केसाएवढी काळी रेघ होती. "गेली एकदाची तुझी चांदी," म्हणाली आणि केरात टाकली.