पार्श्वभूमी : कोमेट्स १९५२ चे की १९९० चे?

इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा कोमेट्स हा आइस हॉकी संघ स्वतःला १९५२ पासूनचा मानतो. त्याच्या खात्यात १० विजेतेपदे धरली जातात : १९६३, १९६५, १९७३, १९९३, २००३, २००८, २००९, २०१०, २०१२ आणि २०२१. त्यातली पहिली तीन खरोखर याच संघाची का, हा वाद अजून मिटलेला नाही. कारण १९९० च्या उन्हाळ्यात हा संघ कागदोपत्री गाव सोडून गेला होता.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. गावातले बंदिस्त स्टेडियम, मेमोरियल कोलिझियम, १९५२ मध्ये उघडले आणि त्याच हंगामात संघ तेव्हाच्या इंटरनॅशनल लीगमध्ये उतरला. इंग्रजी नावात ‘सी’ऐवजी ‘के’ आहे, तो एका संस्थापकाच्या पत्नीच्या नावावरून घेतलेला. लीग तेव्हा बसने फिरणाऱ्यांची होती. शेजारच्या ओहायो राज्यातले टोलेडो जवळच होते, आणि त्यांच्याशी असलेले वैर आजही तितकेच ताजे आहे.

आता १९९०. तेव्हाच्या मालकाने संघ न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला हलवला. तिथे त्याच वर्षी नवे, मोठे बंदिस्त स्टेडियम उघडले होते आणि लीगलाही मोठ्या बाजारपेठा हव्या होत्या. पण शेजारच्या ट्रॉयमध्ये दुसऱ्या लीगचा संघही त्याच हंगामात सुरू झाला. एकाच भागातला प्रेक्षक दोन नव्या संघांत वाटला गेला. ऑल्बनीचा संघ, नाव ‘चॉपर्स’, फेब्रुवारी १९९१ मध्ये हंगाम अर्धवट टाकून बंद पडला.

दरम्यान फोर्ट वेनमधल्या एका कुटुंबाने मिशिगनमधल्या फ्लिंटचा ‘स्पिरिट्स’ संघ विकत घेतला, फोर्ट वेनला आणला आणि त्याला कोमेट्स हेच नाव दिले. गावात एकही हंगाम हॉकीविना गेला नाही. त्याच पहिल्या वर्षी संघ अंतिम फेरीत पोहोचून पिओरियाच्या संघाकडून हरला, आणि १९९३ मध्ये प्लेऑफचे (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचे) सलग १२ सामने जिंकून त्याने लीगचा टर्नर चषक घरी आणला.

घोळ आहे तो ‘फ्रँचाइझी’ या शब्दात. लीगच्या लेखी फ्रँचाइझी म्हणजे सदस्यत्वाचा कागद. त्या कागदाबरोबर लीगमधली जागा, मताचा हक्क आणि खेळाडूंवरचे हक्क जातात. स्टेडियमचा करार वेगळा असतो, नाव आणि चिन्ह वेगळे, आणि जुन्या निकालांची मालकी कुठे असते हे बहुतेक वेळा लिहिलेलेच नसते. या न्यायाने १९६३, १९६५ आणि १९७३ चे चषक ऑल्बनीत बंद पडलेल्या कागदाचे, आणि १९९० नंतरचा संघ मुळात फ्लिंटचा.

हा युक्तिवाद टिकत नाही. कागद हाच निकष धरला तर कोमेट्सचा इतिहास १९९९, २०१० आणि २०१२ मध्येही पुन्हा शून्यापासून सुरू करावा लागेल, कारण तिन्ही वेळा संघाने लीग बदलली. तसे कोणी करत नाही. गाव, बर्फ, नाव आणि तिकीट काढणारी माणसे तीच राहिली, आणि नोंदही त्यांच्याकडेच राहायला हवी. १९९६ मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये क्लीव्हलंडचा संघ हलला तेव्हा नाव आणि इतिहास गावाकडे ठेवायचे असे लेखी ठरले. फोर्ट वेनने तेच सहा वर्षे आधी, कुठल्याही लेखी तडजोडीशिवाय करून दाखवले होते. यात फ्लिंटच्या प्रेक्षकांनी संघ गमावला हे मात्र खरे, आणि ते फार कमी वेळा सांगितले जाते.

पुढचा गुंता नावांचा. नव्वदच्या दशकात लीग ह्यूस्टन, ऑर्लँडो, लास व्हेगास अशा शहरांत पसरली. बसची जागा विमानाने घेतली, खर्च मध्यम शहरांच्या आवाक्याबाहेर गेला. कोमेट्स १९९९ मध्ये बाहेर पडून युनायटेड या दुसऱ्या लीगमध्ये गेले. मूळ लीग २००१ मध्ये बंद पडली. युनायटेड लीगचे १९९७ पर्यंतचे नाव कलोनियल होते, म्हणून २००३ च्या चषकाचे नावही कलोनियल. स्पिरिट्स गेल्यावर १९९१ मध्ये फ्लिंटला जो नवा संघ मिळाला, तोही याच लीगच्या स्थापनेत होता.

२००७ मध्ये या लीगने ‘इंटरनॅशनल’ हे जुने नाव घेतले आणि आपल्या चषकालाही टर्नरचे नाव दिले. त्यामुळे २००८ ते २०१० चे तीन टर्नर चषक आणि १९९३ चा टर्नर चषक वेगवेगळ्या लीगचे आहेत. खेळाडूंचे आकडे काढताना ही चूक नेहमी होते. १९९९ पर्यंतचे आणि २००७ नंतरचे आकडे एका लीगचे म्हणून बेरजेत धरू नयेत.

या दरम्यान कोलिझियमचे अख्खे छत ४१ फूट वर उचलून आत नव्या रांगा बसवल्या गेल्या. काम २००२ मध्ये पुरे झाले आणि हॉकीसाठीच्या जागा १०,००० च्या वर गेल्या. या स्तरावर एवढे मोठे घर फार थोड्यांकडे आहे.

२०१० मध्ये ही नवी इंटरनॅशनल लीग सेंट्रल लीगमध्ये विलीन झाली, आणि सामने टेक्सास, कोलोरॅडोपर्यंत जाऊन पोहोचले. २०१२ चा चषक जिंकून कोमेट्स ईसीएचएल या आणखी एका लीगमध्ये गेले. तिथे टोलेडो, कॅलामाझू, सिनसिनाटी हे जवळचे संघ होते.

पण संघबांधणी बदलावी लागली. ईसीएचएलमध्ये हंगाम सुरू होताना २६० किंवा त्याहून अधिक व्यावसायिक साखळी सामने खेळलेले चारच खेळाडू चालतात. गोलरक्षकांना ही अट नाही. वर्षाला ७२ सामने धरले तर चौथ्या हंगामाच्या आसपास खेळाडू ही रेषा ओलांडतो. म्हणजे गावाला ज्याचे नाव नुकते पाठ झाले, त्यालाच चार जागांसाठी झगडावे लागते. जुन्या कोमेट्समध्ये एकच खेळाडू दहा-दहा वर्षे दिसे, ते आता जवळजवळ अशक्य आहे. शिवाय संलग्नता, म्हणजे सर्वोच्च लीग एनएचएलमधल्या एखाद्या संघाशी असलेला करार : वरच्या संघात दुखापत झाली की मधल्या स्तरावरचा खेळाडू वर जातो आणि त्याची जागा इथल्याने भरली जाते. शनिवार-रविवारी लागोपाठ सामने असताना प्रशिक्षकाला दुसरी फळी नव्याने बांधावी लागते.

२०२१ चा केली चषक, म्हणजे ईसीएचएलचे विजेतेपद, याच चौकटीत आला. महामारीमुळे त्या हंगामात संघ थेट फेब्रुवारीत बर्फावर उतरला आणि अंतिम फेरीत साउथ कॅरोलायनाला हरवून जिंकला. तेव्हा संलग्नता लास व्हेगासच्या एनएचएल संघाशी होती. २०२२ पासून ती एडमंटनशी आहे.