सेफ्टी बेल्ट नेण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडून परांचीचं सामान आणि सेफ्टी बेल्ट भाड्याने नेणारे बहुतेक जण दोन-तीन मजली घरं बांधणारे ठेकेदार आहेत. बेल्ट मिळाला की काळजी मिटली, असं अनेकांना वाटतं. तशी ती मिटत नाही, म्हणून प्रत्येक बेल्टसोबत हा कागद देतो.

पहिल्या स्लॅबवरचा धोका

बेल्टची दोरी साधारण २ मीटरची असते. तिच्यात झटका सोसणारी शिवलेली घडी असते. माणूस पडला की तिचे टाके उसवतात आणि दोरी आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. पाठीवरच्या कडीपासून पावलापर्यंत दीड मीटर धरा, आणि पायाखाली मीटरभर मोकळी जागा हवीच. म्हणजे हूक जिथे अडकवला, तिथून खाली सव्वासहा मीटर लागतात. पहिला स्लॅब असतो तीन मीटरवर. तिथे पायाजवळ हूक अडकवून काम करणारा गवंडी दोरी ताणली जाण्याआधीच जमिनीवर आदळेल. तीन मीटर पडायला पाऊण सेकंद लागतो. हात टेकायलाही वेळ मिळत नाही.

अशा ठिकाणी कडेला कठडा करा: कमरेच्या वर, साधारण मीटरभर उंचीवर एक आडवा पाइप, मध्ये दुसरा, आणि तळाला उभी फळी. ते जमत नसेल तर कडेपर्यंत पोचूच देणार नाही इतकी आखूड दोरी मागून घ्या. आमच्याकडे आहे.

हूक कुठे?

डोक्याच्या वर, आणि पक्क्या जागी. एका साइटवर सामान उतरवायला गेलो होतो, तेव्हा रंगारी बेल्ट नीट घालून परांचीवर उभा होता आणि हूक होता पावसाच्या पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपला. त्याला खाली बोलावलं तेव्हा माझेच हात कापत होते. खिडकीचं ग्रिल, सुटा प्रॉप (टेकूचा खांब), परांचीची सैल आडवी यांचंही तसंच. परांचीवर सरकत काम असेल तर दोन हूकांचा बेल्ट न्या. एक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, हे मुकादमाने रोज सांगावं.

डक्टवरचं प्लायवूड

डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकावर, नुसतं टाकलेलं प्लायवूड उघड्या भोकापेक्षा वाईट. बिगारी ते दोन्ही हातांनी उचलतो, पुढचं दिसत नाही, तो एक पाऊल टाकतो आणि थेट खाली जातो. प्लायवूड खिळ्यांनी ठोका आणि वर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहा: "खाली भोक आहे, उचलू नका".

बेल्ट घालताना पट्टे बोटांतून फिरवून बघा. कापलेला, वेल्डिंगच्या ठिणगीने वितळलेला किंवा सिमेंटने कडक झालेला पट्टा वापरू नका. नुसता कमरेचा पट्टा आम्ही देतच नाही, कारण झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो. माणूस बेल्टला लटकला तर त्याला काही मिनिटांत उतरवावं लागतं. शिडी कुठे आहे आणि कोण चढणार, हे सकाळीच ठरवा. खाली पडलेल्याला ओढून उठवू नका, १०८ ला फोन करा.

बेल्टने कुणाला झेललं असेल, तर परत देताना तेवढं सांगा. त्याचे पैसे घेणार नाही. तो बेल्ट आम्ही तुमच्यासमोर कापून टाकतो.