मीटर एकटंच पिशवीतून आणू नका : जुन्या ट्रकवाल्या मालकांसाठी आणि ड्रायव्हरसाठी

नमस्कार. दिवाळीच्या आगेमागे आमच्या मीटर दुरुस्तीच्या दुकानात रोज एकच सीन असतो. सकाळी टू-व्हीलरवर कोणीतरी येतं, हँडलला पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं स्पीडचं मीटर, आणि म्हणणं एकच, "काटा हलत नाही, बघा जरा, गाडी तिकडं उभी आहे, उसाच्या फडात." आम्ही मीटर टेस्टिंगला लावतो आणि काटा मस्त ६० वर जाऊन उभा राहतो. म्हणजे मीटर चांगलं. मग मालक आमच्याकडं बघतात, आम्ही मालकांकडं. एवढ्या लांबून येऊन हात हलवत परत. म्हणून हा कागद छापलाय, गाडीच्या कागदांच्या फाईलमध्ये ठेवा.

हे सगळं केबलवाल्या मीटरबद्दल आहे, म्हणजे टाटाची जुनी चारशेसात (४०७), सातशेनऊ (७०९), सोळातेरा (१६१३), जुनं लेलँड वगैरे. सेन्सरवाल्यांचं खाली थोडक्यात आहे.

मीटर स्वतः काही करत नाही, त्याला कोणीतरी फिरवावं लागतं. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक छोटा गिअर असतो, बऱ्याच गाड्यांना तो प्लास्टिकचा असतो, तो केबलमधली तार फिरवतो, ती तार वर येऊन मीटरच्या चौकोनी भोकात बसते आणि आतलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाच्या भोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते. ती चुंबकाला चिकटलेली नसते, मध्ये हवा असते, पण चुंबक फिरायला लागलं की वाटी त्याच्या मागं ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत काटा जिथं थांबतो तो तुमचा स्पीड. किलोमीटरचे आकडे मात्र दातेऱ्या चाकांवर चालतात, त्यांचा चुंबकाशी संबंध नाही.

एवढं लक्षात आलं की निम्मा फॉल्ट घरीच सापडतो. किलोमीटर पडतायत पण काटा मेलाय, तर तार फिरतेय, फॉल्ट मीटरच्या आत, बिनधास्त मीटर काढून आणा. काटा चालतो पण किलोमीटर पडत नाहीत, तरी मीटरच. पण दोन्ही बंद असतील तर बहुतेक वेळा मीटर निर्दोष असतं, तार तुटलीय नाहीतर खालचा गिअर गेलाय. आणि पिशवीतून येणारी जास्तीत जास्त मीटरं नेमकी या दोन्ही-बंदवाल्या गाड्यांची असतात!

बघायला पाच मिनिटं लागतात. मीटरच्या मागचा गोल नट हाताने सोडा, पक्कड लावू नका, पकडीने मागचे आटे फिरतात आणि आमचं काम वाढतं. तारेचं टोक दिसेल असं धरा आणि मोकळ्या जागेत ड्रायव्हरला पहिल्या गिअरमध्ये दहा-पंधरा फूट गाडी सावकाश पुढं घ्यायला सांगा. (जॅकवर चाक उचलून रेस करायचे प्रयोग नकोत, गाडी जॅकवरून घसरली म्हणजे मीटर राहिलं बाजूला.) टोक फिरलं तर मीटर आणा. नाही फिरलं तर तार वरून ओढून बघा. अर्धीच हातात आली तर तुटली, राहिलेला तुकडा खालच्या बाजूने काढावा लागतो. अख्खी आली, दोन्ही टोकं चौकोनी आहेत, झिजून गोल झालेली नाहीत, तर गिअरबॉक्सकडचा गिअर बघायचा.

आता मुख्य मुद्दा. काही मालक हे सगळं बघतात, तार तुटलेली सापडते, बाजारातून नवी आणून टाकतात आणि आठ दिवसांत तीही तुटते. मग केबल डुप्लिकेट निघाली म्हणून दुकानदाराला शिव्या. गेल्या हंगामात ऊस वाहतुकीतले एक मालक लागोपाठ तीन केबली तोडून आमच्याकडं आले. केबल ठीक होती. चार महिने पावसात गाडी उभी, मीटरच्या आतला दांडा गंजून जड झालेला, बोटाने फिरवला तर फिरायचा पण अडकत अडकत. खालून गिअर जोर लावणार, वरून मीटर अडवणार, मधली तार पिळून तुटणार. आणि तार मजबूत निघाली तर प्लास्टिकच्या गिअरचे दात जातात, मग तो खर्च आणखी वेगळा. मीटरमध्ये साफसफाई आणि एक थेंब तेल एवढंच काम होतं, पण तोवर तीन केबली गेल्या होत्या आणि त्या पायी तीन वेळा गाडी बाजूला लागली होती.

म्हणून आमचं म्हणणं असं की तार तुटली असेल तर मीटर आणि केबल दोन्ही एकत्र आणा, नळीसकट, तुकडे असले तर तुकडेही. शक्य असेल तर गाडीच आणा. काही लोकांना वाटतं हे आमचं बिल वाढवायचं तंत्र आहे. खरं सांगायचं तर जुनी केबल चांगली असेल तर आम्ही नवी विकत नाही, धुऊन ग्रीस लावून तीच परत देतो. फोनवर "किती घ्याल" याचं उत्तर आम्ही देत नाही तेही याच कारणाने, उघडल्याशिवाय सांगितलेला भाव एकतर तुम्हाला बुडवतो नाहीतर आम्हाला. तपासणीचे १०० रुपये घेतो, काम इथं केलं तर ते बिलातून वजा.

तेलाचं एक सांगायचं राहिलं. काटा थरथरायला लागला की क्लिनर केबलच्या वरच्या टोकातून इंजिन ऑइल सोडतो. थरथर दोन दिवस थांबते. पण तार स्क्रूसारखी वळलेली असते, फिरता फिरता ती तेल वर चढवते आणि ते थेट चुंबक आणि वाटीच्या मध्ये जाऊन बसतं. मग गाडी ३० ने चाललीय आणि काटा ७० वर, किंवा गाडी थांबली तरी काटा खाली यायचं नाव घेत नाही. असं मीटर आम्ही उघडतो तेव्हा आत काळा चिकट लगदा असतो, वाटी बाहेर काढून पेट्रोलने धुवायची, स्प्रिंगला धक्का न लावता, अर्धा दिवस त्यातच जातो. ग्रीस लावायचंच तर ग्राफाइटचं, पातळ हात फिरवल्यासारखं, आणि मीटरकडची सहा इंच तार कोरडी ठेवा. थरथरीचं कारण बहुतेक वेळा केबलचं वळणच असतं. डॅशबोर्डमागं ती कुठं चेपलीय का, वीतभर गोलाईपेक्षा आवळून वळवलीय का, सायलेन्सरच्या पाइपला टेकतेय का ते आधी बघा.

"मीटर चालतंय पण चुकीचं दाखवतं" अशीही तक्रार येते. भंगार बाजारातून सारखं दिसणारं मीटर बसवलं की हे हमखास होतं. एक किलोमीटरला केबल किती वेळा फिरली पाहिजे हे प्रत्येक मीटरचं ठरलेलं असतं, बऱ्याच मीटरांच्या डायलवर बारीक अक्षरात तो आकडा असतोही. तो १००० असेल तर आम्ही मशीनवर मिनिटाला १००० फेरे देतो आणि काटा ६० वर यायला पाहिजे. तुमच्या गिअरबॉक्सचा हिशेब वेगळा असेल तर मीटर नवंकोरं असलं तरी खोटंच बोलणार. दुसरं कारण टायर. ७.००-१६ च्या जागी ७.५०-१६ चढवले की चाक मोठं होतं, मीटर साधारण चार टक्के कमी दाखवतं, म्हणजे काटा ६० वर असताना गाडी ६२ च्या पुढं असते. त्याला आमच्याकडं औषध नाही, तेवढं डोक्यात धरून चालवा. ताळा बघायचा तर हायवेच्या किलोमीटरच्या दगडावर घड्याळ लावा आणि काटा एका जागी ठेवा : ६० सेकंदात एक किलोमीटर म्हणजे ६०, ७२ सेकंदात ५०, ९० सेकंदात ४०. घड्याळाकडं क्लिनरने बघायचं, ड्रायव्हरने नाही.

सेन्सरवाल्या गाड्यांना केबल नसते, गिअरबॉक्सवर सेन्सर आणि तिथून वायर वर येते. तिथं आधी प्लगमधला चिखल आणि अर्थिंग बघा, बऱ्याचदा तेवढ्यातच काम होतं. आणि काही गाड्या १२ व्होल्टच्या असतात, काही २४ च्या, एकीचं मीटर दुसरीला लावून बघू नका. जळालेलं मीटर वासावरूनच कळतं आम्हाला.

पासिंगचं (सरकारी फिटनेस तपासणीचं) बघितलं तर आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी आलं, आणि बंद मीटर घेऊन तिथं जाणं म्हणजे एक हेलपाटा नक्की. शिवाय केंद्राने २०१८ ला मालवाहू गाड्यांना एक्सप्रेसवेवर ८० आणि शहरातल्या रस्त्यावर ६० ची मर्यादा घातली, काही ठिकाणी त्याहून कमीचे बोर्ड असतात, आता कॅमेरे बसलेत आणि कॅमेऱ्याला मीटर बंद होतं हे सांगता येत नाही.

किलोमीटर मागं करून मिळणार नाहीत. "गाडी विकायची आहे, एवढं एक करा, ओळखीचे आहात", सगळं ऐकून झालंय, नाही करत. मीटर बदललं तर जुन्याचं रीडिंग बिलावर लिहून देतो, घेणाऱ्याला तो कागद दाखवा.

केबलचं काम असेल तर गाडी तासाभरात सुटते. मीटर उघडायचं असेल तर सकाळी द्या, संध्याकाळी घ्या, कारण जोडल्यावर ते तासभर मशीनवर फिरवल्याशिवाय आम्ही देत नाही, गर्दी कितीही असो. येताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि टायरचा साईज लिहून आणा. सोमवारी दुकान बंद. अमावस्येला बरेच मालक गाडी उभी ठेवतात आणि तोच दिवस कामाला काढतात, त्यामुळं त्या दिवशी इथं जत्रा असते, जमलं तर आदल्या दिवशी या.