भ्रूण गोठवण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचारात, चार-पाच भ्रूणं तयार झाली की एखादं ट्रान्सफरला, म्हणजे गर्भाशयात सोडायला, घेतात आणि उरलेली उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. "गोठवलेलं म्हणजे शिळंच ना?" ही शंका घरातलं कोणीतरी काढतंच. डॉ. सुभाष मुखर्जी यांनी 1978 साली कोलकात्यात भ्रूण 53 दिवस गोठवून मगच ट्रान्सफर केलं होतं, आणि मुलगी सुखरूप जन्मली. तेव्हा शिळेपणाची चिंता सोडा, फॉर्मची करा.

हे उपचार विवाहित जोडप्याला किंवा एकट्या स्त्रीला घेता येतात. लिव्ह-इनमधल्या जोडप्याला जोडपं म्हणून नाही. 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे स्त्रीचं वय 21 च्या वर आणि 50 च्या आत हवं, पुरुषाचं 21 च्या वर आणि 55 च्या आत. भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतं. इथेच हिशेब चुकतो. स्त्रीच्या 44 व्या वर्षी गोठवलं तर हातात दहा वर्षं नसतात, जेमतेम सहा असतात. नवरा 53 चा असेल तर त्याहून कमी.

कागदपत्रं नेहमीचीच: दोघांची आधार कार्डं, वयाचा पुरावा, विवाह नोंदणीचा दाखला, फोटो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे रिपोर्ट सेंटरच करून घेतं. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर ती आधी उरका, ऐनवेळी तिथेच अडतं. सेंटरची एआरटी नोंदणी आहे ना, तेही विचारा.

आता मुख्य कागद, गोठवण्याचं संमतीपत्र. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा तो निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिला नाही, तर भ्रूणांचं काय करायचं, हे त्यात लेखी सांगावं लागतं. त्याशिवाय सेंटरला भ्रूण गोठवता येत नाही. प्रश्न अशुभ वाटतो म्हणून तिथे कशीतरी खूण करू नका. घरी बोला, मग लिहा. मुदत संपल्यावर भ्रूण नष्ट होऊ द्यायचं की नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचं, हेही ठरवून ठेवा. संशोधनासाठी तुमची संमती लागतेच. भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या.

ट्रान्सफरच्या वेळी गोळ्या देऊन गर्भाशयाचं अस्तर तयार करतात, सोनोग्राफीत ते नीट दिसलं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू होतं आणि पाच दिवसांच्या भ्रूणासाठी त्यानंतर साधारण पाच दिवसांनी तारीख मिळते. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते.

बदली झाली, परदेशी जायचं ठरलं, तर भ्रूणं सोबत नेणं सोपं नाही. स्वतःच्याच वापरासाठी नेतानाही कायदा एआरटीच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी मागतो. जाण्याचा विचार असेल तर तो गोठवण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.