चर्चबाहेरची पोरं, युथ वर्क आणि मिशन : हा प्रश्न आला कुठून?

नंदुरबार-नवापूरकडे युथ मिटिंग घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, की संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायला येणारी, परीक्षेच्या आधी अभ्यासाला बसणारी जी पोरं आहेत, ज्यांच्या घरातलं कोणीच मंडळीत (चर्चमध्ये) जात नाही, त्यांच्यासोबत आपण नेमकं काय करतोय, त्यांना मोठं व्हायला हात देतोय की येशूकडे आणतोय. मला हे काम फार जिव्हाळ्याचं आहे, म्हणून मागची हकीकत थोडी मांडतो.

युथ वर्क, म्हणजे शाळेबाहेर तरुण पोरांसोबत केलेलं काम, निघालंच मुळी चर्चच्या पोटातून. इंग्लंडात ग्लॉस्टरला १७८० मध्ये रॉबर्ट रेक्सने संडे स्कूल चालू केलं, आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरिबांच्या पोरांना रविवारी वाचायला शिकवायचं आणि वाचायचं पुस्तक म्हणजे बायबल. मग ६ जून १८४४ ला लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स, कापडाच्या दुकानात काम करणारा २२ वर्षांचा पोरगा, त्याने मित्रांना घेऊन वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना काढली. सेवा वेगळी आणि सुवार्ता (येशूचा संदेश) वेगळी असं तेव्हा त्यांच्या मनातही नव्हतं.

फाटा फुटला तो सरकारी पैसा आल्यावर. १९६० च्या अल्बमार्ल रिपोर्टनंतर (हा सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल) इंग्लंड-वेल्समध्ये युथ सर्व्हिसला, म्हणजे तरुणांसाठीच्या सरकारी कामाला, निधी मिळाला, पगारी वर्कर तयार व्हायला लागले आणि कामाचे नियम ठरत गेले. १९९० ला तिथे चार तत्त्वं पुढे आली : शिक्षण, समान संधी, सहभाग, सक्षमीकरण. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, पोरगं आपल्या मर्जीने येतं आणि त्याला वाटलं तर उठून जातं, शाळेसारखी हजेरी नाही, त्यामुळे गप्पा कुठे न्यायच्या हे त्याच्याही हातात असतं. मिशनवाल्याच्या मनात मात्र मुक्काम आधीच ठरलेला असतो. खरा ताण इथे आहे. तिकडे अमेरिकेत जिम रेबर्नने १९४१ मध्ये यंग लाइफ ही ख्रिस्ती संस्था सुरू केली, पोरांना चर्चमध्ये बोलावण्यापेक्षा ती जिथे असतात तिथे जायचं, आधी दोस्ती करायची, ऐकून घेण्याचा हक्क कमवायचा. मला ही वाट पटते, फक्त दोस्ती बोलण्यापुरतीच असेल तर पोरांना ते लगेच कळतं.

आपल्या खान्देशात ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. पश्चिमेला नवापूर, नंदुरबार, तळोदा भागात स्कँडिनेव्हियन मूळ असलेली मिशनं आणि पूर्वेला जळगाव-भुसावळकडे अलायन्स मिशन, यांच्या कामात शाळा, बोर्डिंग, दवाखाना आणि उपदेश एकाच अंगणात. भिल्ल, मावची घरांतली कितीतरी पोरं तिथेच अक्षर शिकली, हे ऋण मी मानतो. पण जेवण, निवारा आणि प्रार्थना एकाच हातातून मिळत असेल तर पोराला नाही म्हणायची जागा किती उरते? हे विचारायलाच पाहिजे.

गंमत म्हणजे याचं एक उत्तर इथेच अंमळनेरात होतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे, पोरांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यात कसलीच अट नव्हती. आणि ख्रिस्ती बाजूने बघितलं तर रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ ला 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही त्यात येशूचे अनुयायी म्हणून बसू शकत होते. आपल्या मंडळ्यांमध्ये टिळकांची भजनं गायली जातात, पण दरबाराबद्दल कोणी फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्यात आपल्या देशाचं कायद्याचं वळण. राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. त्यामुळे आमच्यासारख्यांना लपवाछपवी दोन्हीकडून महाग पडते, तत्त्वानेही आणि गावातल्या विश्वासानेही.

आता कॅम्प ठरला की काही जण आधीच आईबापाला घरी जाऊन सांगतात, सकाळी खेळ, दुपारी करिअरची माहिती, रात्री बायबलवर गोष्ट आणि गाणी, रात्रीचं ज्याला नको त्याने बाहेर बसायचं, जेवण सगळ्यांना सारखंच. काही पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) हे मवाळ वाटतं. माझ्या ओळखीतला एक पोरगा तीन वर्षं रात्री बाहेरच बसला, आता तोच लहान पोरांना व्हॉलीबॉल शिकवतो, मंडळीत अजून आलेला नाही.