तुरीच्या तासाखाली: पिकांची विविधता आणि मातीतलं जीवन

२०१५ पासून शेतकऱ्याच्या हाती जी जमीन आरोग्य पत्रिका पडते, तिच्यात १२ गोष्टींची नोंद असते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (आम्ल-विम्लतेचं माप), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मातीत काय जगतंय, याचा रकाना तिच्यात नाही. सेंद्रिय कर्ब त्यातल्या त्यात जवळचा, पण तो मुख्यतः जगून गेलेल्यांचा हिशेब. यात कुणाचा विसराळूपणा नाही. माती म्हणजे अन्नद्रव्यांचं कोठार, हा विचार युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८४० च्या पुस्तकाने जगभर रुजवला आणि माती तपासायची आपली रीत अजून त्याच वाटेने जाते.

आपल्या भाषेत मात्र ‘बेवड’ हा शब्द आहे. आधीच्या पिकाने जमीन पुढच्यासाठी कशी करून ठेवली, ते सगळं या एका शब्दात येतं. भुईमुगाच्या बेवडावर ज्वारी चांगली येते, हे कुणाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कपाशीत काही ओळींनंतर तुरीचं एक तास, म्हणजे एक ओळ, घालायची पद्धतही तशीच जुनी. पण असं का होतं, हे दिसत नव्हतं, कारण घडायचं ते जमिनीखाली. त्याचा उलगडा गेल्या दोनशे वर्षांत तुकड्यातुकड्याने झाला.

पहिला तुकडा इंग्लंडमधल्या वोबर्न इथला. बेडफर्डच्या ड्यूकच्या बागेत जॉर्ज सिंक्लेअर या मुख्य माळ्याने दोन फूट बाय दोन फुटांचे २४२ चौकोन आखून त्यांत निरनिराळी गवतं लावली आणि १८१६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. एकाच जातीपेक्षा अनेक जाती एकत्र असल्या तर तेवढ्याच जागेत झाडं जास्त मावतात आणि वाळलेला चाराही जास्त भरतो, हे चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीवरच्या ग्रंथात सांगितलं. २००२ मध्ये दोन अभ्यासकांनी माग काढून दाखवलं, की डार्विनच्या या विधानाला आधार वोबर्नच्या प्रयोगाचा होता.

दुसरा तुकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. इंग्लंडमधल्याच रॉथॅमस्टेड या शेती प्रयोगकेंद्रात १८५६ मध्ये लॉज आणि गिल्बर्ट या संशोधकांनी एका जुन्या कुरणाचे भाग पाडले आणि प्रत्येकाला वेगळं खत द्यायला सुरुवात केली. लॉज स्वतः सुपरफॉस्फेट या स्फुरदयुक्त खताचा कारखानदार. कोणत्या खताने चारा वाढतो, एवढंच त्यांना पाहायचं होतं. हा प्रयोग आजही चालू आहे. बिनखताच्या तुकड्यात चाळीसच्या आसपास वनस्पती टिकून आहेत. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलेल्या, चुना न घातलेल्या तुकड्यात एखाद-दुसरं गवत उरलंय. तिथली माती इतकी आम्लधर्मी झाली, की गांडुळं नाहीशी झाली. मेलेलं गवत कुजत नाही, त्याचा जाड थर जमिनीवर गादीसारखा साचून राहतो.

पण यातून एक प्रश्न सुटत नाही. वनस्पती कमी झाल्या म्हणून मातीतलं जीवन आटलं, की आम्लतेने दोन्ही एकदमच मारलं? खतही बदललं आणि जातीही बदलल्या, तर दोष कुणाला द्यायचा हे ठरवता येत नाही. हा गुंता पुढे शंभरावर वर्षं तसाच राहिला.

दरम्यान मातीतल्या जिवांची ओळख वेगळ्याच दारातून होत होती. डार्विनने १८४२ च्या डिसेंबरात घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि २९ वर्षं थांबून, १८७१ मध्ये तिथे चर खणला. खडूची पांढरी रेघ सात इंच खाली गेली होती. गांडुळांनी तेवढी माती वर आणून टाकली होती. १८८५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी झाडांच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीला मायकोऱ्हायझा हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी हेलरीगेल यांनी दाखवलं, की कडधान्यांना हवेतला नत्र मिळतो तो मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंमुळे. भुईमुगाचं रोप उपटून अशी एक गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी रंग दिसला, तर गाठ कामावर आहे. १९०४ मध्ये हिल्टनर यांनी मुळांभोवतालच्या गजबजलेल्या मातीला ऱ्हायझोस्फिअर म्हटलं.

जमिनीवरची विविधता आणि जमिनीखालची वस्ती यांची गाठ नीट पडली ती १९९४ पासून. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे पर्यावरणशास्त्रज्ञ डेव्हिड टिलमन यांनी १६८ वाफे पेरले. १, २, ४, ८ किंवा १६ जाती, कोणत्या वाफ्यात कोणत्या ते चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलेलं. खत कुठेच नाही, तण हाताने काढायचं. रॉथॅमस्टेडचा गुंता इथे सुटला, कारण बदलत होती ती फक्त जातींची संख्या. जाती वाढल्या तसं उत्पादन वाढलं. १९९८ मध्ये स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या प्रयोगांनी उलटी दिशाही दाखवली: मातीत भागीदार बुरशीच्या जाती जास्त, तर वरच्या वनस्पतीही जास्त. २०११ मध्ये आणखी एक पदर उघडला. माती निर्जंतुक केली, की मिश्र वाफ्यांची आघाडी बरीचशी ओसरली. याचा अर्थ, एकाच जातीच्या वाफ्याखाली तिचे रोगजंतू साठत जातात आणि मिश्र वाफ्यात त्यांचं फावत नाही.

आपल्याकडे तुरीला मर, म्हणजे झाड वाळून मरण्याचा रोग, लागते ती अशाच, जमिनीत वर्षानुवर्षं तग धरणाऱ्या बुरशीमुळे. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर कमी दिसते, हे हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच नोंदवलं होतं. १९९० मध्ये तिथूनच कळलं, की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडून लोहाशी जखडलेला स्फुरद मोकळा करतात. मात्र ही गोष्ट लाल जमिनीची. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधलेला असतो, तिथे तुरीकडून हाच लाभ गृहीत धरू नये. प्रत्येक सोबत प्रत्येक मातीत सारखी फळत नाही, आणि सीडर क्रीकचे वाफे कुरणाचे होते, शिवाराचे नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवं.

जर्मनीत येना इथे २००२ मध्ये साले नदीकाठच्या पूरमैदानात ६० जातींपर्यंतचे वाफे पेरले गेले. वरचा फरक लवकर दिसला. मातीतले सूक्ष्मजीव मात्र सुमारे चार वर्षं जागचे हलले नाहीत, आणि मग विविध वाफ्यांखाली वाढू लागले. २०१५ मध्ये त्याचं कारणही पुढे आलं: अशा वाफ्यांत मुळांवाटे जास्त कर्ब खाली उतरतो, सूक्ष्मजीव तो खातात आणि त्यातला काही मातीत मुरतो. सोयाबीनमागे सोयाबीन घेतलेल्या रानात एका खरिपात तुरीचं तास घालून पुढच्या पेरणीला माती हातात घेतली, तर तिच्यात बहुधा काहीच वेगळं दिसणार नाही.